चावडी : जॉर्ज टाउन आणि वाट चुकलेली मुले

परमुलखात दोन-तीन पिढ्या काढलेल्या कोणत्याही मराठी घरात जुन्या आठवणी निघाल्या, की एक गोष्ट हटकून सांगितली जाते : घरातले कोणीतरी लहानपणी हरवले होते. कोणी स्टेशनच्या फलाटावर, कोणी देवळाच्या गर्दीत, कोणी भर बाजारात. नवे शहर, नवी भाषा, हातातून सुटलेले बोट, तासा-दोन तासांची धावपळ, आणि शेवटी कोणा परक्या माणसाच्या कडेवर बसून परत आलेले पोर. गोष्ट हसत हसत सांगितली जाते, कारण पोर सापडलेले असते. ज्या घरातले पोर सापडले नाही, त्या घरात ही गोष्ट निघत नाही.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथासाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी सूचना झाली तेव्हा जिंजीचा वेढा, तंजावरची राजगादी, सरस्वती महाल हे विषय साहजिकच प्रथम डोळ्यांपुढे आले. या विषयांवर विपुल लेखन झाले आहे आणि पुढेही होत राहील. आम्ही मात्र त्याच इतिहासाच्या कडेकडेने जाणारा एक लहान प्रश्न निवडला आहे. परक्या शहरात नव्याने आलेले मूल वाट चुकले, तर त्याला कोण ओळखते, आणि ओळखून कोणाच्या हवाली करते? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात निराळे आलेले आहे. चेन्नईतील जॉर्ज टाउनइतके ते दुसरीकडे क्वचितच स्पष्ट वाचता येईल, कारण साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ बाहेरून आलेल्या माणसांनीच ही वस्ती घडविलेली आहे.

वस्तीची घडण

१६३९ साली कंपनीच्या इंग्रजांनी समुद्रकाठी जमीन मिळवून सेंट जॉर्जचा किल्ला बांधावयास घेतला. किल्ल्यात गोरे राहत. उत्तरेकडील भिंतीबाहेर विणकर, दुभाषी, दलाल, व्यापारी यांची जी वस्ती वाढली तिला गोऱ्यांनी ‘ब्लॅक टाउन’ हे नाव दिले. आज आपण ज्याला जॉर्ज टाउन म्हणतो ते हे मूळ ब्लॅक टाउन नव्हे. १७४६ साली फ्रेंचांनी शहर घेतले, १७४९ साली ते इंग्रजांना परत मिळाले, आणि या धामधुमीत किल्ल्याला लागून असलेली जुनी वस्ती पाडली गेली. तोफांच्या माऱ्यासाठी जागा मोकळी हवी म्हणून इंग्रजांनी तेथे पुन्हा घरे बांधू दिली नाहीत. १७७३ साली त्या मोकळ्या पट्ट्याच्या हद्दीवर सहा खांब उभारण्यात आले. त्यांपैकी एक आजही पॅरीज कॉर्नरच्या डेअर हाउसपाशी उभा आहे. त्याच मोकळ्या मैदानावर पुढे १८९२ साली हायकोर्टाची लाल इमारत उभी राहिली.

हलविलेली वस्ती मुतियालपेट आणि पेद्दनायकनपेट या दोन पेठांत सामावली. पेठ हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. या दोन पेठांमधून पूर्वी एक ओढा वाहत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टीफन पॉपहॅम नावाच्या गृहस्थाच्या खटपटीने तो बुजवून रस्ता झाला, तोच ब्रॉडवे. हैदर अलीच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने वस्तीभोवती तट बांधला गेला. तटाच्या खर्चासाठी रहिवाशांवर कर बसवावयाचा बेत होता. लोकांनी विरोध केला आणि तो कर वसूल झाला नाही. तट गेला, कर तर आलाच नाही, पण ‘वॉल टॅक्स रोड’ हे नाव मागे राहिले. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त ब्लॅक टाउनचे जॉर्ज टाउन झाले.

आता नव्या माणसाच्या नजरेने ही वस्ती पाहावी. मुतियालपेटेत तंबू चेट्टी स्ट्रीट, लिंगी चेट्टी स्ट्रीट, अंगप्पा नायकन स्ट्रीट, आर्मेनियन स्ट्रीट अशा लांबच लांब गल्ल्या उत्तर-दक्षिण, एकमेकींना समांतर धावतात. रुंदी जवळजवळ सारखी, दुतर्फा घरे सारखी, टोकाला तोच मोठा रस्ता. एक गल्ली चुकून दुसरीत शिरलेल्या मुलाला आपण चुकलो हे बराच वेळ कळतच नाही. मोठ्या माणसाला गल्ल्या मालावरून ओळखता येतात : गोडाउन स्ट्रीट कापडाची, अँडरसन स्ट्रीट कागदाची, नैनियप्पा नायकन स्ट्रीट औषधी द्रव्यांची. म्हणजे डोळे मिटूनही, नुसत्या वासावरून जाणत्या माणसाला आपण कोठे उभे आहोत हे सांगता यावे. परंतु ते ज्ञान वर्षांनी येते. काल गाडीतून उतरलेल्या मुलाला नव्हे. त्यातच या शहरात घरांचे क्रमांक बदलले, तरी जुने सुटले नाहीत. दारावर जुना क्रमांक आणि नवा क्रमांक असे दोन्ही लिहिण्याची येथे रीत आहे. पत्ता पाठ असलेले मूलही त्यामुळे फसते.

चौल्ट्री

‘चावडी’ हा शब्द आपल्या खेड्यांतून अजून जिवंत आहे. पाटील-कुलकर्णी बसत ती जागा चावडी. चुकलेले गुरू तेथे बांधले जाई, वाटसरूची चौकशी तेथे होई, हरवल्या-सापडल्याची दवंडी तेथून निघे. हाच शब्द दक्षिणेतील भाषांतही आहे. इंग्रजांच्या तोंडी त्याचे ‘चौल्ट्री’ झाले. मद्रासमध्ये चौल्ट्री म्हणजे प्रथम जकात आणि न्याय यांची कचेरी. पुढे त्याच शब्दाने धर्मशाळा आणि अन्नछत्र यांचाही बोध होऊ लागला.

या कचेरीच्या इतिहासात एक काळेकुट्ट पान आहे. सतराव्या शतकात मद्रासच्या बंदरातून माणसांची विक्री होत असे, आणि गुलामांच्या खरेदी-विक्रीची नोंद या चौल्ट्रीतच केली जाई. दुष्काळात आईबापांनी पोटासाठी विकलेली मुले त्यांत होती, आणि फसवून वा पळवून आणलेलीही होती. वाट चुकलेल्या, एकट्या सापडलेल्या, परक्या भाषेत रडणाऱ्या मुलाला त्या काळी सर्वांत मोठे भय रस्त्याचे नव्हते. त्याला ‘सापडविणाऱ्या’ माणसाचे होते. गोवळकोंडा पडल्यानंतर मुलूख मोगलांकडे गेला. मुले पळविली जात असल्याच्या तक्रारी मोगल अंमलदारांपर्यंत पोहोचल्या आणि त्यांचा रोष ओढवून घेणे व्यापाराला परवडणारे नव्हते. तेव्हा १६८८ साली कंपनीच्या कौन्सिलने गुलामांची निर्गत बंद करण्याचा हुकूम काढला. दयेपेक्षा व्यवहाराने निघालेला तो हुकूम होता. तरीही तो निघाला हे नोंदविले पाहिजे. आणि एकाच शब्दाची चावडी गावात राखणारी आणि बंदरात विकणारी होऊ शकते, हेही विसरता कामा नये. संस्था कोणती, यापेक्षा तिच्यात बसलेला माणूस मुलाकडे काय म्हणून पाहतो, यावर सारे अवलंबून असते.

याच सुमारास, १६७७ साली, दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत असताना शिवछत्रपतींनी मद्रासच्या इंग्रजांकडे औषधे आणि विषावरील उतारे मागविल्याची नोंद कंपनीच्या दप्तरात आहे. तंबू चेट्टी स्ट्रीटवरील कालिकांबाळ मंदिराची परंपरा तर असे सांगते, की ३ ऑक्टोबर १६७७ रोजी महाराज स्वतः वेष पालटून देवीच्या दर्शनाला येऊन गेले. चेन्नईत येणारा मराठी माणूस आजही या देवळाची वाट विचारतो. त्या निमित्ताने जॉर्ज टाउनची एक गल्ली तरी त्याला परकी राहत नाही.

तंजावरहून आलेला मुलगा

मद्रासमध्ये नव्याने आलेल्या मराठी मुलांत इतिहासाला सर्वांत चांगला परिचित असलेला मुलगा म्हणजे सरफोजी भोसले. तो बाजारात हरवला नाही. त्याचे घरच त्याच्याभोवतीचे नाहीसे झाले होते. १७७७ साली जन्मलेल्या या मुलाला तंजावरच्या तुळजाराजांनी १७८७ साली, मृत्यूपूर्वी थोडे दिवस, दत्तक घेतले आणि मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांना त्याच्याकडे लक्ष ठेवण्यास सांगितले. राजा वारला. दत्तविधानाविषयी वाद उभा करून तुळजाराजांचे भाऊ अमरसिंह गादीवर आले. दहा वर्षांचा सरफोजी वाड्यातच जवळजवळ कोंडल्यासारखा राहिला. त्याच्या शिक्षणाची हेळसांड होत असल्याची तक्रार श्वार्ट्झ यांनी वारंवार केली. अखेरीस १७९३ साली, त्याच्या जीविताची काळजी वाटून, तुळजाराजांच्या विधवा राण्यांसह त्याला मद्रासला हलविण्यात आले. त्या वेळी त्याला सोळावे वर्षही पुरे लागले नव्हते.

मद्रासमध्ये गेरिके नावाच्या मिशनऱ्याने त्याला शिकविले. ज्या वयात राजपुत्र शिकार आणि दरबारी रीती शिकतात त्या वयात हा मुलगा परक्या शहरात परकी भाषा शिकत होता. आपले राज्य आपल्याला मिळणार की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. १७९८ साली त्याला गादी मिळाली. १७९९ च्या तहाने राज्यकारभार मात्र कंपनीकडे गेला. हाती उरला तो किल्ला, भोवतालची थोडी जागा, आणि जे काही तो शिकला होता ते.

पुढे या राजाने काय केले ते सर्वश्रुत आहे : सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्याने वाढविला, शाळा काढल्या, देवनागरी टाइपाचा छापखाना घातला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांपैकी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे १८०६ साली त्या छापखान्यातून निघालेले ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक. इसापच्या गोष्टींचे ते मराठी रूपांतर आहे. मुंबईत मराठी ग्रंथछपाई रुजण्याच्या आधी, मराठी मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक कावेरीकाठी छापले गेले, हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अभिमानाने सांगण्याजोगे आहे.

दुसरी गोष्ट छत्रांची. तंजावरच्या राजघराण्याने रामेश्वरच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. काशीहून, महाराष्ट्रातून, दूरदूरच्या प्रांतांतून यात्रेकरू या वाटेने पायी येत. वाटेत आईबाप दगावले म्हणजे मूल उरे : ज्याची भाषा कोणाला येत नाही, ज्याचे गाव कोणाला ठाऊक नाही, असे मूल. राज्यकारभार कंपनीकडे जात असताना सरफोजीराजांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रे चालू राहावीत म्हणून कळकळीने रदबदली केली. छत्रात काय काय होते ते त्यांनी त्यात सविस्तर सांगितले आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे, बाळंतिणींची व्यवस्था होई. आणि वाटेवर पोरके झालेले मूल छत्रातील पंतोजींच्या स्वाधीन केले जाई. त्याला अन्न-वस्त्र मिळे, ठरावीक दिवसांनी तेलाचे स्नान घातले जाई, त्याचा कल असेल ती विद्या शिकविली जाई, आणि ते शिकून मोठे झाले म्हणजे त्याचे लग्नही छत्राच्या खर्चाने होई.

तेल लावून न्हाऊ घालण्याचा उल्लेख राजकीय पत्रात यावा, हे वाचून आम्ही थबकलो. खर्चाची बाब म्हणून ती सहज गाळता आली असती. ज्याने स्वतःचे कोवळे वय परक्यांच्या आश्रयाने काढले त्या माणसाला, पोरक्या मुलाला पोटभर अन्नापलीकडे काय लागते, हे ठाऊक होते असे आम्हांस वाटते. येथे चावडीचा तिसरा अर्थ पुरा होतो : नोंद करणारी नव्हे, विकणारी नव्हे, तर वाढविणारी.

कांजीचे पातेले आणि भाजीबाजार

मद्रास शहरातही अशी एक चौल्ट्री निघाली. हैदर अलीच्या स्वारीनंतर खेडोपाडी दुष्काळ पडला, माणसे शहराकडे लोटली. १७८२ साली ब्लॅक टाउनच्या तटाबाहेर उत्तरेस अन्नछत्र सुरू झाले तेच मणिगार चौल्ट्री. मणियक्कारर म्हणजे गावचा मुखिया. आपल्या भाषेत पाटीलच म्हणा. तेथे कांजी वाटली जाई. पुढे त्याच परिसरात स्टॅन्ली रुग्णालय झाले, तरी सामान्य लोक त्याला ‘कांजी तोट्टी’ या नावानेच ओळखत राहिले. भुकेच्या वर्षात वाटलेली पेज लोकांच्या तोंडी दोन शतके टिकून राहिली.

आणखी एक चावडी जॉर्ज टाउनच्या पोटात होती. ‘कोत्तवाल चावडी’ हे नाव मराठी कानाला घरचेच. कोतवालाची ही चावडी कालांतराने शहराचा मुख्य भाजीबाजार झाली. पहाटे गाड्या, हमाल, टोपल्या, चिखल, लिलावाची आरडाओरड. मूल चुकावे ते येथेच. १९९६ साली हा घाऊक बाजार कोयंबेडूला हलविण्यात आला. नाव तेथेच राहिले. त्याच वर्षी मद्रासचे चेन्नई झाले.

गलाईची पोरे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मद्रास इलाख्यातील महसुली हिशेबांत मराठीचा वापर होता आणि मराठी कारकुनांना मान होता. ती पिढी तंजावर-कुंभकोणम भागातील. तिची मुले तमिळ-तेलुगू बोलतच वाढली. १८७१ साली मुंबई आणि मद्रास यांचे लोहमार्ग रायचूरपाशी जोडले गेले आणि महाराष्ट्रातून थेट येणारा नवा माणूस दिसू लागला. १९०८ साली ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ अस्तित्वात आली. मद्रास सेंट्रल स्थानकाशेजारी तिची भव्य कचेरी उभी राहिली. १९५१ साली दक्षिण रेल्वे होईपर्यंत जॉर्ज टाउनच्या उंबरठ्यावर ‘मराठा’ ही अक्षरे अशी मिरवत होती. परंतु गाडीतून उतरणारा मराठी माणूस मिरवीत आला नाही.

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, आणि सातारा जिल्ह्यातील माण-खटाव हा टापू पर्जन्यछायेचा. पाऊस पाठ फिरवी तेव्हा शेतकऱ्याच्या घरातला एक भाऊ शेताशी राही आणि दुसरा बाहेर पडे. या बाहेर पडलेल्यांनी सोने-चांदी गाळण्याचा म्हणजे गलाईचा धंदा हस्तगत केला. सराफाने घेतलेला जुना दागिना मुशीत आटवावयाचा, तेजाबात टाकून हिणकस धातू वेगळा काढावयाचा, शुद्ध सोने परत द्यावयाचे. सोनारांच्या दुकानातला केरही विकत घेऊन त्यातले कण काढावयाचे. भांडवल थोडे, विश्वास मोठा. कोट्यधीश सराफ आपले सोने ज्याच्या हाती निर्धास्त सोपवितो तो माणूस विट्याच्या बाजूचा शेतकरी असावा, ही गोष्ट हिंदुस्थानातील अनेक शहरांत दिसून येते. चेन्नईत या मंडळींची वस्ती जॉर्ज टाउनमधील साहुकारपेठेत आणि तिच्या आसपास, गुजराती-मारवाडी पेढ्यांच्या आधाराने झाली. १९६३ साली सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, १९६८ साली कायदा झाला. १९९० साली तो रद्द होईपर्यंत सोन्यावर जगणाऱ्या साऱ्यांनाच जपून वागावे लागले. १९७२ च्या दुष्काळाने गावाकडून येणाऱ्यांची संख्या आणखी वाढविली.

धंदा वाढला तसा हाताखाली माणूस हवा, आणि तो विश्वासाचा हवा म्हणून गावाकडचा, भावकीतला हवा. सुट्टीला गेलेला गलाईवाला परतताना पुतण्या, भाचा, शेजारचा मुलगा घेऊन येई. मिसरूडही न फुटलेली ती पोरे. मिरजेहून वा पुण्याहून गाडीत बसावयाचे, दीड-दोन दिवसांनी सेंट्रलवर उतरावयाचे, आणि भट्टीच्या खोलीत वळकटी टाकावयाची. सकाळी पाणी भरणे, दुकान झाडणे, डबे आणणे, सराफाकडे निरोप पोहोचविणे ही कामे याच पोरांकडे. अर्थात नव्या शहरात एकटे हिंडण्याचा प्रसंग त्यांच्यावर पहिल्या आठवड्यातच येई.

असे पोर चुकले म्हणजे काय होई? कोणी थांबवून ‘पेर एन्न?’ म्हणून नाव विचारी. पोर आपले नाव, बापाचे नाव, आडनाव असे तिन्ही सांगे. तमिळ रीतीत आडनाव नाही. बापाच्या नावाचे आद्याक्षर मुलाच्या नावामागे लावले म्हणजे संपले. ऐकणारा आडनावालाच नाव समजे. गाव विचारले तर पोर आपल्या वाडीचे नाव सांगे, जे तालुक्याबाहेर कोणी ऐकलेले नसे. कोणी मायेने ‘वा, वा’ म्हणे. तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये. आपली वाहवा कशाबद्दल चालली आहे, हे त्या पोराला उमगत नसे.

तथापि, याच दोन भाषांनी त्या पोरासाठी एक वाट मोकळी ठेवलेली होती. आपल्या मुलखातले, विशेषतः सांगली-सातारा-कोल्हापूरकडचे मूल मोठ्या भावाला अण्णा म्हणते, थोरल्या बहिणीला अक्का म्हणते, वडीलधाऱ्याला अप्पा म्हणते, आईच्या भावाला मामा म्हणते. तमिळ मूलही हेच म्हणते. आपली आत्या तीच त्यांची अत्तै. भररस्त्यात घाबरलेल्या मुलाने ‘अण्णा!’ अशी हाक घातली, तर जॉर्ज टाउनमध्ये एक का दहा माने वळतील, कारण त्या प्रत्येकाला घरी कोणीतरी याच शब्दाने हाक मारते. शिष्टाचाराची भाषा, कचेरीची भाषा, व्यापाराची भाषा निरनिराळी. रडण्याची मात्र समाईक. दक्षिणेकडून हे शब्द मराठीत केव्हा आले हा भाषाशास्त्रज्ञांचा प्रश्न आहे. ते कशासाठी टिकले, याचे एक उत्तर आम्हांस येथे दिसते.

ही मुले सहसा सापडत. सराफाची पेढी, भट्टीचा वास, ‘सेट’ या हाकेला ओ देणारा कोणी हिंदी जाणणारा दुकानदार यांच्या आधाराने पोर पुन्हा आपल्या गल्लीत येई. जातीची, धंद्याची, भाषेची ही जी साखळी होती तीच त्यांची चावडी. परंतु त्या साखळीचे कौतुक करीत असताना एक कठोर सत्य डोळ्यांआड करता येणार नाही. रस्त्यात हरवलेले पोर संध्याकाळी परत आणणारी हीच साखळी त्याला सकाळी शाळेत पाठवीत नव्हती. तेजाबाच्या पिवळट-तांबड्या धुरात ज्यांचे तेरावे-चौदावे वर्ष गेले त्यांतील कित्येकांनी पुढे स्वतःची दुकाने काढली, गावी घरे बांधली, धाकट्या भावंडांना शिकविले. त्यांच्या कष्टांपुढे मान लववावी तेवढी थोडी. मात्र जे यशस्वी झाले नाहीत, त्यांच्यासंबंधी आपल्या स्मरणिकांतून कोणी लिहीत नाही. तेही वाट चुकलेलेच होते, आणि त्यांना शोधावयास कोणी निघाले नाही, कारण ते कोठे आहेत हे सर्वांना ठाऊक होते.

कायद्याची चावडी

मुलांसाठी स्वतंत्र कायदा हिंदुस्थानात प्रथम झाला तो मद्रास इलाख्यात, १९२० साली. बंगाल आणि मुंबई या इलाख्यांनी त्याचे अनुकरण पुढील काही वर्षांत केले. बेवारस वा निराधार मूल म्हणजे गुन्हेगार नव्हे, ही कल्पना कायद्यात उतरावयास तेथून सुरुवात झाली. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे एकट्या सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते, आणि असे मूल आढळल्यास त्याची खबर देणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली म्हणजे पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले. १०९८ या क्रमांकाची दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेत सामील झाली आहे. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २०१० साली अमलात आला, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास सर्वत्र मनाई आहे. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून केलेली मदत त्यातून वगळलेली आहे.

कायदा सुधारला, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही समितीपुढे उभे केलेले मूल जर मराठीखेरीज काही बोलत नसेल, तर त्याचे म्हणणे कोणाला तरी समजावे लागते. कायद्याला कान असतात, मातृभाषा नसते. ती समाजाने पुरवावयाची असते.

मंडळाचे काम

येथे आमच्या विवेचनाचा धागा आपल्या मंडळाशी येऊन मिळतो. पन्नास वर्षांत मंडळांनी काय केले याचा ताळेबंद अशा ग्रंथातून दिला जातो : गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, व्याख्याने, हळदीकुंकू, दिवाळी फराळ. यांतील एकही गोष्ट लहान नाही. मात्र परमुलखातील मंडळ हे मुळात चावडी आहे, आणि चावडीचे पहिले काम उत्सव नव्हे. नवा आलेला कोण, कोठे उतरला, त्याच्याबरोबर मुले किती आणि ती शाळेत जातात की नाही, एवढे ठाऊक असणे हे तिचे पहिले काम होय.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही तीन साध्या सूचना करू इच्छितो. नव्या कुटुंबांची नोंदवही मंडळाने ठेवावी आणि तीत सभासद नसलेल्यांचीही नावे असावीत. साहुकारपेठेतील भट्टीवरचा पोरगा वर्गणी देत नाही, म्हणून तो आपला नाही असे होत नाही. दुसरे असे, की बालकल्याण समितीला आणि रेल्वे पोलिसांना मराठी दुभाषी लागल्यास कोणाला बोलवावे, ती नावे मंडळाने आपण होऊन कळवावीत. आणि तिसरे, प्रत्येक घराने आपल्या मुलाला आल्या दिवसापासून तीन गोष्टी येथील भाषेत पाठ करून द्याव्यात : बापाचे नाव, घराची खूण, आणि दूरध्वनीचा क्रमांक. शुभंकरोतीनंतर ही उजळणी झाली तर देवाला राग येणार नाही.

सरफोजीराजांची छत्रे, मणिगार चौल्ट्रीची कांजी आणि साहुकारपेठेतील भावकी या तिन्ही एकाच कामाच्या निरनिराळ्या काळातील जागा आहेत. ज्यांनी ते काम केले त्यांतील फार थोड्यांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. कडेवर घेऊन परत आणणाऱ्या त्या परक्या तमिळ, तेलुगू, गुजराती माणसांची नावे तर आपल्या घरोघरच्या गोष्टींतही राहिलेली नाहीत. त्यांचे ऋण फेडावयाचे, तर ते त्यांना शोधून फेडता येणार नाही. उद्या आपल्या दारापुढे कोणाचे पोर उभे राहील, मग ते ओडिशातले असो, बिहारमधले असो वा नेपाळातले असो, त्याची भाषा आपल्याला न कळली तरी त्याला आत घ्यावे, पाणी द्यावे, आणि त्याच्या माणसांचा पत्ता लागेपर्यंत त्याला एकटे सोडू नये. चावडी म्हणतात ती एवढ्यानेच उभी राहते.